मागूर अंड्यात असताना श्वास कसा घेतो? चोवीस तासांचा एक पाठ



आजचा पाठ माशाच्या अंड्याचा आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण हा पाठ त्या चुकीतूनच तयार झाला.

आमची शाळा गोंदिया जिल्ह्यात, तलावांच्या भागात आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मासेमारी चालते. काही वर्षांपूर्वी नववीला श्वसन शिकवताना मी मागूरचं उदाहरण दिलं. म्हटलं, "मागूर हवेतून श्वास घेतो. तळ्यातलं पाणी आटलं तरी चिखलात जगतो. ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो." मुलं खूश झाली. त्यांनी हे सगळं स्वतः पाहिलेलं होतं. पाठ छान झाला असं मला वाटलं.

त्याच पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी घरीच मागूरचं बीज काढायचा प्रयत्न केला. प्रशिक्षण घेतलेला एक ओळखीचा माणूस मदतीला होता. अंडी मिळाली, फलनही झालं. ती सगळी एका टबात ओतली आणि वर पाण्याची बारीक धार सोडली. रात्री लाईट गेली, मोटार बंद पडली. मुलगा जागा होता. तो वडिलांना म्हणाला, "राहू द्या बाबा, मागूर आहे. त्याला काही होत नाही." सकाळी टबातली जवळपास सगळी अंडी पांढरी पडली होती.

आठवड्याने ते भाऊ शाळेत आले. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर सांगितलं होतं ना पोराला, मागूर चिखलात बी जगते म्हणून?"

मी सांगितलेलं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. मोठा मागूर हवेतून श्वास घेतो. अंड्यातला मागूर घेत नाही. कोणत्या वयात, कोणत्या अवस्थेत, हे मी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज ते सगळं पहिल्यापासून पाहू.

आधी माशाची ओळख

आपला देशी मागूर म्हणजे क्लॅरियस मागूर. जुन्या पुस्तकांत याचं नाव क्लॅरियस बॅट्राकस असं दिसेल. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, पाठीवर लांबलचक पर आणि बाजूच्या परांत टोचणारा काटा. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखा एक लालसर अवयव असतो. त्यात भरपूर रक्तवाहिन्या असतात. मागूर पाण्यावर येतो, हवेचा घोट घेतो आणि या अवयवातून त्यातला ऑक्सिजन रक्तात जातो. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात त्याला वर येऊ दिलं नाही, तर मासा असूनही तो पाण्यात गुदमरतो.

बिहारचा हा राज्य मासा आहे. आणि आता तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. म्हणून त्याचं बीज हॅचरीत तयार करणं हा केवळ धंद्याचा प्रश्न राहिलेला नाही.

पालकांसाठी एक सूचना इथेच देते. बाजारात 'थाई मागूर' म्हणून जो मासा मिळतो तो वेगळा. तो मूळचा आफ्रिकेतला, क्लॅरियस गॅरिपिनस. आकाराने फार मोठा होतो, दुसरे मासे खातो, आणि तळ्यातून निसटला तर स्थानिक माशांचं नुकसान करतो. भारतात २००० सालापासून त्याच्या संवर्धनावर बंदी आहे. बीज विकत घेताना कोणता मागूर आहे हे विचारूनच घ्या.

अंडं बाहेर येतं कसं?

मागूर पावसाळ्यात वितो. उथळ पाण्यात, भाताच्या बांध्यांच्या कडेला, बिळात किंवा पाणवनस्पतींत मादी अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. अंडी चिकट असतात, त्यामुळे मुळांना किंवा बिळाच्या कडांना चिकटून राहतात.

टाकीत ठेवलेल्या मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण शेवटचा टप्पा अडकतो. तिथे पाऊस नाही, चढतं पाणी नाही, त्यामुळे मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीकडून अंडी सोडण्याचा निरोप जात नाही. हा निरोप इंजेक्शनने देता येतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी कार्प जातीच्या माशांमध्ये हे यशस्वी करून दाखवलं. म्हणूनच १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. पुढे हीच युक्ती मागूरसाठी वापरली गेली, आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने मागूरच्या हॅचरीची पद्धत बसवली.

इंजेक्शन दिल्यावर साधारण पंधरा-सतरा तासांनी मादीचं पोट हलकेच दाबून अंडी एका कोरड्या ताटलीत घेतात. नराच्या बाबतीत मात्र अडचण आहे. मागूरचा नर पोट दाबून शुक्राणू देत नाही. त्याचं पोट उघडून वृषण काढावे लागतात, म्हणजे नर मारावा लागतो. वर्गात हा प्रश्न येतोच. तो टाळू नका. "हो, मारावा लागतो. म्हणूनच त्या अंड्यांतलं एकही वाया जाऊ नये याची काळजी घ्यायची," एवढं उत्तर मुलांना पुरतं, आणि ते खरंही आहे.

वृषणांचे तुकडे सौम्य मिठाच्या पाण्यात कुस्करून ते अंड्यांवर टाकतात, मिसळतात आणि मग साधं पाणी घालतात. पाणी लागलं की शुक्राणू वळवळू लागतात, पण जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. अंड्याच्या कवचाला एकच बारीकसं छिद्र असतं. त्याला मायक्रोपाईल म्हणतात. त्यातून एक शुक्राणू आत गेला की दार बंद. फलन झालं.

शाळेच्या घड्याळात मागूरचं अंडं

आता खरा पाठ. मुलांना तासांचे आकडे पाठ होत नाहीत, म्हणून मी ते शाळेच्या दिवसावर बसवते. समजा सकाळी ७ वाजता फलन झालं आणि पाणी २८ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. पुढच्या वेळा अंदाजे धरा. पाण्याच्या तापमानाप्रमाणे त्या पुढे-मागे होतात.

सकाळी ७. अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, साधारण दीड मिलिमीटरचं. आत जवळजवळ सगळा बलकच. पाणी शोषून कवच थोडं फुगतं. बलकावर एका बाजूला जिवंत द्रव्य गोळा होऊन छोटीशी टोपी तयार होते.

सकाळी ८ च्या आत. टोपीची दोन भागांत विभागणी. मग ४, ८, १६, ३२. इथे मुलांना एक गोष्ट नक्की दाखवा. फक्त टोपी विभागली जाते, खालचा बलक तसाच राहतो. कोंबडीच्या अंड्यातही असंच होतं. बेडकाच्या अंड्यात मात्र पूर्ण अंडंच विभागलं जातं.

मधली सुट्टी, साडेदहा-अकरा. पेशींचा ढीग, तुतीच्या फळासारखा. ही मोरुला अवस्था. मुलांना विचारा, "पेशी इतक्या वाढल्या, मग अंडं केवढं झालं?" बहुतेक मुलं 'मोठं झालं' म्हणतील. अंडं तेवढंच आहे. पेशींची संख्या वाढली आणि प्रत्येक पेशी लहान होत गेली. एक भाकरी आठ जणांत वाटली म्हणून भाकरी मोठी होत नाही.

दुपारी १२. ढीग बसतो, बलकावर घुमटासारखा दिसतो. ही ब्लास्टुला.

दुपारी १ ते संध्याकाळी ५-६. गॅस्ट्रुला. पेशींचा थर बलकावर खाली खाली पसरत जातो, आणि त्याच वेळी कडेच्या पेशी आत वळतात. कोण बाहेरची त्वचा आणि चेतासंस्था होणार, कोण स्नायू आणि रक्त होणार, कोण आतडं होणार, ही वाटणी आता होते. शाळा सुटते तेव्हा बलक बराचसा झाकलेला असतो. दिवेलागणीला शेवटचं भोक बुजतं.

रात्री ८ ते १०. डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे कळू लागतं. पाठीच्या बाजूने पृष्ठरज्जू, त्याच्या दोन्ही कडांना स्नायूंचे छोटे खंड एकामागून एक उमटतात. डोळ्यांच्या जागी दोन फुगवटे येतात.

मध्यरात्र ते पहाटे. शेपूट बलकापासून सुटी होते. हृदय धडधडू लागतं. शरीर कवचात झटके देतं, आधी अधूनमधून, मग सारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ते ९. भ्रूणाच्या ग्रंथींतून पाझरणारं विकर कवच आतून मऊ करतं, शेपटीचे फटके बसतात आणि पिल्लू बाहेर येतं. कालच्या पहिल्या तासाला एक पेशी होती, आज पहिल्या तासाला पोहणारं पिल्लू.

कोंबडीला याला २१ दिवस लागतात. मागूरला एक दिवस. पण मागूरचं पिल्लू अर्धवट अवस्थेत बाहेर येतं. चार-पाच मिलिमीटर लांब, पोटाला बलकाची पिशवी, तोंड उघडलेलं नाही. तळाला पडून राहतं.

मग रात्री टबात काय झालं?

वरचं वेळापत्रक पुन्हा पाहा. अंड्याला कल्ले नाहीत, हवा घेणारा अवयव नाही. कवचातून पाझरून जेवढा ऑक्सिजन आत येईल तेवढाच त्याचा. तो येतो फक्त पाण्यातून.

पाण्यात ऑक्सिजन असतो तरी किती? एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात, अगदी पुरेपूर विरघळला तरी, लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम. ३० अंशांवर साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो, आणि नेमकं त्याच वेळी भ्रूणाची वाढ वेगाने होत असल्यामुळे त्याला तो जास्त लागतो.

भ्रूण जसजसा मोठा होतो तसतशी ही गरज वाढत जाते. हृदय सुरू झालं, स्नायू झटके देऊ लागले, की मागणी सगळ्यात जास्त. आमच्या त्या भाऊंच्या टबात लाईट गेली ती नेमकी रात्रीची. धार थांबली. अंड्याला लागून असलेल्या पाण्यातला ऑक्सिजन अंड्यानेच संपवला, आणि नवीन पाणी तिथे सरकलं नाही. वरच्या थरातली अंडी थोडी तगली असतील, पण ढिगाच्या आतली आधी गेली. मेलेलं अंडं अपारदर्शक पांढरं होतं. त्यावर बुरशी धरते, बुरशीचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यावर जातात, आणि पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन कुजण्यात खर्च होतो.

हॅचरीत म्हणून तीन गोष्टी पाळतात. अंडी एकाच थरात पसरतात. पाण्याची संथ धार अखंड ठेवतात. पांढरी अंडी दिसली की वेचून काढतात. यात महागडं यंत्र काहीच नाही. घराच्या छपरावर पाण्याची टाकी असती आणि तिची तोटी रात्रभर बारीक सोडली असती, तरी त्यांचं बीज वाचण्याची शक्यता होती.

हवेतून श्वास कधी सुरू होतो?

बाहेर आल्यावरही लगेच नाही. सुरुवातीला पिल्लू त्वचेतून आणि बलकाच्या पिशवीवरच्या रक्तवाहिन्यांतून ऑक्सिजन घेतं. हळूहळू कल्ले कामाला लागतात. तीन-चार दिवसांत बलक संपतो, तोंड उघडतं, आणि पिल्लाला बारीक जिवंत खाद्य लागतं. साधारण दहा-बारा दिवसांनी हवा घेणारा अवयव कामाला लागतो आणि पिल्लं वर येऊन पहिला घोट घेऊ लागतात.

इथे आणखी एक मेख आहे. या वयात टबातलं पाणी खोल ठेवलं तर इवल्याशा पिल्लाला वर येता येता दमायला होतं. म्हणून हॅचरीत पाणी वीतभरही ठेवत नाहीत, आठ-दहा सेंटिमीटरच ठेवतात. आदल्या आठवड्यात ज्याला पाण्यातला ऑक्सिजन हवा होता, त्यालाच आता पाण्याबाहेरची हवा हवी आहे. मासा तोच, अवस्था बदलली, की गरज बदलली.

वर्गात किंवा घरी करून पाहा

यासाठी जिवंत मासा लागत नाही.

१. साबुदाण्याचा प्रयोग. दोन ताटल्या घ्या. एकीत मूठभर साबुदाणा एका थरात पसरा, दुसरीत तेवढाच साबुदाणा छोट्या वाटीत दाबून भरा. दोन्हींत सारखंच, थोडंसं पाणी घाला. दोन तासांनी दाणे दाबून पाहा. वाटीच्या मधले दाणे टणक राहिलेले असतील. आईला विचारलं तर ती हे प्रयोगाशिवायच सांगेल! पाणी जसं मधल्या दाण्यापर्यंत पोचलं नाही, तसा ऑक्सिजन ढिगातल्या मधल्या अंड्यापर्यंत पोचत नाही.

२. कणकेची टोपी. लिंबू म्हणजे बलक, कणकेची छोटी गोळी म्हणजे पेशींची टोपी. गोळी लिंबाच्या डोक्यावर ठेवून बोटांनी खालपर्यंत पसरवत न्या, शेवटचं भोक बुजेपर्यंत. गॅस्ट्रुलाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम जास्त लक्षात राहतं. कणीक नवीन घ्यायची नाही हे आधीच सांगा. आहे तीच पातळ होत पसरली पाहिजे.

३. घड्याळाचा तक्ता. मोठ्या कागदावर चोवीस तासांचं वर्तुळ काढा. फलनाची वेळ मुलांनी ठरवावी, आणि त्याप्रमाणे प्रत्येक अवस्थेची वेळ त्यांनीच मांडावी. मग विचारा, "तुमच्या गावात लाईट साधारण किती वाजता जाते? तेव्हा अंडं कोणत्या अवस्थेत असेल?"

४. तापमानाचा विचार. आफ्रिकन मागूरची अंडी ३० अंशांवर एका दिवसाच्या आत फुटतात, तर २० अंशांवर दोन दिवसांहून जास्त वेळ घेतात. मुलांना विचारा, "मग पाणी गरम करून ठेवलं तर फायदा की तोटा?" वर्गात दोन गट पडतील. पडू द्या. लवकर फुटणं आणि ऑक्सिजनची टंचाई, दोन्ही मुद्दे त्यांच्याकडूनच येतात.

मुलांना विचारायचे प्रश्न

- मागूरच्या अंड्यात विभाजन कोणत्या भागाचं होतं आणि कोणत्या भागाचं होत नाही?
- पहिल्या चार तासांत पेशी वाढतात पण भ्रूण वाढत नाही. असं का?
- पांढरं पडलेलं अंडं लगेच का काढून टाकावं?
- फुटलेल्या पिल्लाला पहिल्या दिवशी खाद्य का देत नाहीत?
- 'मागूर हवेतून श्वास घेतो' हे वाक्य पूर्ण आणि बरोबर करून लिहा.

शेवटचा प्रश्न मी आता दरवर्षी देते. उत्तरात 'मोठा' किंवा 'दहा-बारा दिवसांनंतर' असा शब्द आला की पूर्ण गुण.

हे फक्त मागूरपुरतं नाही. बेडूक त्वचेतून श्वास घेतो असं सांगतो, तेव्हा बेडूकमाशीचे कल्ले राहून जातात. डास रक्त पितो म्हणतो, तेव्हा पाण्यातली अळी राहून जाते आणि नरही राहून जातो. सजीवाबद्दल कोणतंही वाक्य बोलताना 'कधी?' हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय मला त्या एका टबाने लावली.

त्या भाऊंनी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा प्रयत्न केला. मुलाने वर्गातला घड्याळाचा तक्ता घरी नेऊन टबाच्या वर भिंतीला चिकटवला होता. रात्रभर दोघं आळीपाळीने जागले आणि लाईट गेल्यावर बादलीने वरच्या टबात पाणी घालत राहिले. सकाळी मुलगा उशिरा शाळेत आला. उशीर का झाला, हे मी विचारलं नाही. "फुटली का?" एवढंच विचारलं. तो हसला आणि जाग्यावर जाऊन बसला.